पेन्सिलीनंच लिहायचं

स्पिरिटमध्ये शाई विरघळते.
म्हणून कुपीतली चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची,
हे खैरनार मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
मग दोन हिवाळे, चोपड्यापासून
सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत
जे जे पान उलटलं
त्याचं गाव, तारीख, झाड
माझ्या अक्षरात आहे.
संग्राहक : वि. खैरनार.
मी परिचर. माझं काम गाडी चालवणं,
बुचं मोजणं,
आणि सकाळी आभाळ आलंय का ते बघणं.
आभाळ आलं की मावा पडतो.

आधी झाड लिही, त्या म्हणायच्या,
जात नंतर. जात कळायला सूक्ष्मदर्शक लागतो.
मला बरं वाटलं होतं,
कुठंतरी जातीआधी झाड विचारतात.

अडावदला केळीत वाकून शिरलो.
बुंध्याशी, सोपटाच्या आत, तपकिरी,
अंग चोरून बसलेला.
करडईवर काळा, इतका दाट
की काट्यांनाही दिसायला जागा नाही.
फरदडीच्या कपाशीवर हिरवट.
आणि रुईवर पिवळाधमक, पाय तेवढे काळे,
जशी हळदीच्या अंगानं
नवरी चिखलात उतरलीय.
मॅडम ब्रशचं टोक ओलं करून
एकेकीला उचलायच्या.
एकेकीला, कारण तिथं नर नसतोच.
आई लेकीला जिवंत जन्म देते
आणि त्या लेकीच्या पोटात
नात आधीच तयार.
एका सोयरिकीच्या बैठकीत मी हे सांगितलं.
आधारमामा पान थुंकायला म्हणून उठले
ते परत आलेच नाहीत.

लासूरला दादरच्या रानात
सुपडाबाई इळा खांद्याला अडकवून जवळ आली.
"काय धुंडी ऱ्हायनात भो?"
मावा, मी म्हटलं.
"चिकटा म्हन ना. त्याले काय धुंडनं?"
तिचे हात कोपरापर्यंत चमकत होते,
बांगड्या एकमेकींना चिकटून गप्प.
"गोड मुतस तो. म्हनीसन मुंगी सोडत नही."
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, लिही :
स्थानिक नाव चिकटा. मुंग्या उपस्थित.
बांगड्यांना रकाना नव्हता.

वैजापूरच्या पुढे, गाडीवाट संपते तिथं,
एका वेलावर करडा मावा,
वरून मेणाचा पातळ हात फिरवल्यासारखा.
असा आधी बघितला नव्हता.
मॅडमचा आवाज बारीक झाला होता.
पण वेल कोणता?
पुस्तकाला फूल हवं होतं, वेलाला फूल नव्हतं.
शेळ्यांमागच्या रूमशा पावरानं एक नाव सांगितलं.
त्याची बहीण त्याला हसली, दुसरंच म्हणाली.
मग त्यांचं जुंपलं, त्यांच्या बोलीत,
आणि एका शेळीनं तेवढ्यात
अर्धा वेल खाल्ला.
मी दोन्ही नावं लिहिली, ऐकली तशी,
मध्ये एक तिरकी रेघ.

चार महिन्यांनी कुपी परत आली, कापसात गुंडाळून.
आश्रयवनस्पती अनिश्चित. नोंद घेता येत नाही.
मॅडमनी कागद दोनदा वाचला,
घडी केली, पुन्हा उलगडला.
फूल येईल तेव्हा जाऊ, म्हणाल्या.
पावसाळ्यात त्यांची धुळ्याला बदली झाली.
फूल कधी येतं
ते रूमशाला विचारायचं राहिलंच.

कुपी माझ्याकडे आहे. स्पिरिट उडतं,
मी दर दिवाळीला भरतो.
आतले जीव आता रंगानं सगळे सारखेच,
पाण्यातल्या राळ्याच्या दाण्यांसारखे.
चिठ्ठी मात्र वाचता येते, दोन्ही नावं, रेघ.

आज बसस्टँडमागं, मुतारीच्या भिंतीला,
रुई वाढलेली दिसली.
गाडीला वेळ होता. पान उलटं केलं.
पिवळा, पाय काळे, वर दोन मुंग्या.
बाजूचा पोरगा म्हणाला, बाबा, चीक डोळ्यात जाईल.
मी खिसा चाचपला.
तिकीट होतं, चष्मा होता.